काचेची पेयपात्रे
पाणी, मद्य, चहा, कॉफी इ. पेये साठविण्यासाठी, वाढण्यासाठी व पिण्यासाठी वापरण्यात येणारी काचेची भांडी. पेला, सुरई, चंबू, बुधला, बाटली, देठाचा मद्यपेला ही त्यांची प्रमुख रूपे होत. भारतात काच तयार करण्याची विद्या प्राचीन असली, तरी काचेचे पेयपात्र सामान्य मराठी घरात विसाव्या शतकातच आले. हा उशीर केवळ तंत्राच्या उणिवेमुळे झाला नाही. पाणी कसे प्यावे आणि कोणी कोणाच्या भांड्यातून प्यावे, यासंबंधीच्या आचारांचाही त्यात मोठा वाटा होता. म्हणून या पात्रांचा इतिहास हा काही अंशी उद्योगाचा व काही अंशी सामाजिक व्यवहाराचा इतिहास आहे.

नेहमीची काच वाळू (सिलिका), सोडा व चुना यांच्या मिश्रणापासून बनते. तीत सिलिकेचे प्रमाण सु. ७० ते ७४ टक्के व सोड्याचे १२ ते १६ टक्के असते. केवळ वाळू वितळविण्यास १,७०० से. च्या आसपास तापमान लागते. सोड्यामुळे ते बरेच खाली येते आणि चुन्यामुळे काच पाण्यात विरघळत नाही. पेयपात्राच्या दृष्टीने काचेचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. तिला रंध्रे नसल्यामुळे पेयाचा वास वा चव तिच्यात मुरत नाही, आणि ती पारदर्शक असल्यामुळे आतील पेयाचा रंग व गढूळपणा दिसतो. ठिसूळपणा हा तिचा मोठा दोष. तयार झालेले भांडे भट्टीत सावकाश थंड केले नाही, तर त्यात ताण राहतात व पुढे किरकोळ कारणानेही ते तडकते.

इतिहास : इजिप्त व मेसोपोटेमियात इ. स. पू. सोळाव्या-पंधराव्या शतकांपासून मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळून लहान कुप्या करीत असत. इ. स. पू. पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर फुंकनळीने काच फुगविण्याची युक्ती सापडली आणि रोमन साम्राज्यात काचेचा पेला स्वस्त व सार्वत्रिक झाला. याच काळात पश्चिम भारताचा रोमन जगाशी व्यापार भरभराटीला आला होता. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भडोच (बॅरिगाझा) बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत इटली, लाओडिसिया व अरबस्तान येथील मद्य आणि कच्ची काच या दोहोंचाही उल्लेख आढळतो. पैठण व तगर (सध्याचे तेर) येथील माल गाड्यांतून याच बंदरात जात असे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मद्याबरोबर आली ती काच पेल्यांच्या रूपात नव्हे, तर न घडविलेल्या गोळ्यांच्या रूपात. नेवासे, तेर व पैठण या सातवाहनकालीन स्थळी काचेचे मणी व बांगड्या विपुल मिळतात. तक्षशिलेच्या सिरकप येथे काचेच्या कुप्या व पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे काचेच्या वाडग्यांचे तुकडे मिळाले आहेत. दख्खनमधील कारागिरांनी मात्र काच प्रामुख्याने अलंकारांसाठी वापरली. हिंदुस्थानातील काच स्फटिकाच्या तुकड्यांपासून करतात व तिची बरोबरी अन्यत्र होत नाही, असे प्लिनीने ऐकीव माहितीवरून लिहून ठेवले आहे. ते शब्दशः खरे मानण्याचे कारण नाही; पण काचेविषयी या देशाचा लौकिक होता, एवढे त्यावरून दिसते.

काचपात्रातून पेय देण्याची कल्पना भारतीयांना अपरिचित होती, असेही नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात वाढावा याचे विवेचन आहे. तूप लोखंडाच्या व पेया चांदीच्या भांड्यात द्यावी, फळे पानांवर ठेवावीत, असे सांगून पाणी, पानक व मद्य यांच्यासाठी मातीच्या भांड्यांबरोबरच काच व स्फटिक यांच्या थंड, स्वच्छ पात्रांचाही तेथे निर्देश केला आहे. वैद्याने सांगितलेली ही पात्रे राजगृहांच्या बाहेर गेली नाहीत. भट्टीची उष्णता अपुरी, वाळूत लोहाचा अंश आणि सोडा अशुद्ध, यांमुळे देशी काच हिरवट व बुडबुड्यांनी भरलेली निघे. तिच्यापासून मणी, बांगड्या व अत्तराच्या कुप्या होत. मोठे, पातळ व नितळ भांडे होत नसे. महाराष्ट्रात सोड्याचे नैसर्गिक ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर. काच व साबण यांना लागणारे पदार्थ तेथे मिळतात, अशी नोंद आईन-इ-अकबरीत आहे. परंतु त्यावर पेयपात्रांचा उद्योग कधी उभा राहिला नाही. सुरई, शिशी, प्याला हे शब्द मराठीत फार्सीमार्फत आले. पेशवाईत हंड्या-झुंबरांबरोबर विलायती काचेची भांडी सरदारांच्या वाड्यांत येऊ लागली. त्यांतील बरीचशी दिवाणखान्याच्या शोभेसाठी होती. गोव्यात पोर्तुगीजांच्या सहवासामुळे मद्याचा काचपेला अगोदर रुळला. कोकणीतील ‘कोप’ हा शब्द त्याचीच खूण आहे.

काचेपूर्वीची पात्रे : मराठी घरातील पाण्याचे भांडे म्हणजे तांब्याचा वा पितळेचा तांब्या, गडू, लोटा व फुलपात्र. त्यांचे आकार आचाराशी जुळलेले आहेत. गळा आखूड व काठ बाहेर वळलेला असल्यामुळे ओठ न लावता वरून धार धरून पाणी पिता येते. ओठाचा स्पर्श झाला, की भांडे उष्टे होते व ते घासल्याशिवाय दुसऱ्याला चालत नाही. धातूचे भांडे राख व पाणी यांनी शुद्ध होते, मातीचे होत नाही, हा धर्मशास्त्राचा संकेत. काच व चिनी माती यांना रूढीने धातूचा मान दिला नाही. परक्यांची म्हणून ती पात्रे सोवळ्याच्या स्वयंपाकघराबाहेरच राहिली. (लोणच्याची चिनी मातीची बरणी मात्र त्याच स्वयंपाकघरात निर्वेधपणे नांदत होती, हे येथे नमूद करावयास हवे. आंबट व खारट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतो. सोयीपुढे आचार वाकतो.)

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशातील जिल्ह्यांत या प्रश्नाचे उत्तर निराळे होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगररांगांत वसलेला जिवती हा भाग त्याचे चांगले उदाहरण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो राजुरा तालुक्याबरोबर हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. येथे कोलाम व गोंड यांची जुनी वस्ती आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. पाऊस पुष्कळ पडतो, पण डोंगरमाथ्यावर पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात झऱ्यांवरून व दरीतील विहिरींवरून ते डोक्यावर आणावे लागते. अशा ठिकाणी भांडे हलके, न फुटणारे व फुकट मिळणारे हवे. कडू दुधी भोपळा वेलीवरच पक्व होऊ देऊन वाळवितात, देठाकडे भोक पाडून आतील गर व बिया काढतात. झाला पाण्याचा तुंबा. शेतावर किंवा रानात जाताना पाणी अथवा आंबील त्यात नेतात. लांब मानेचा भोपळा उभा कापला, की त्याचीच पळी होते. मातीचे मडके घरी आणि तुंबा खांद्याला, अशी ही विभागणी आहे.

पिण्याचे पात्र म्हणजे पानाचा द्रोण. पळसाची किंवा माहूल वेलीची पाने बारीक काडीने टाचून तो क्षणात तयार होतो. मोहाचे मद्य द्रोणातून देण्याची रीत या प्रदेशात सर्वत्र आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात. वाळविलेली फुले मडक्यात काही दिवस भिजत घालून आंबवितात, मग मडके चुलीवर चढवून त्याची वाफ बांबूच्या नळीने पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात नेतात. तयार मद्याचे पहिले थेंब जमिनीवर सांडून देवांना व पितरांना अर्पण करतात. जन्म, विवाह, मृत्यू, पंचायतीचा निवाडा यांपैकी कोणताही प्रसंग त्यावाचून पुरा होत नाही. आदिलाबादच्या राजगोंडांचा १९४० नंतरच्या दशकात अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांच्या ग्रंथांत या विधींची सविस्तर वर्णने मिळतात. द्रोण एकदा वापरून टाकला जातो. त्यामुळे उष्ट्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही, आणि एका द्रोणावरून दुसऱ्याच्या जातीचा हिशेब करण्याचीही गरज पडत नाही. वरून धार धरण्याचा तांब्या व टाकून देण्याचा द्रोण ही दोन्ही पात्रे एकच अडचण दोन रीतींनी सोडवितात. काचेचा पेला या दोहोंतही बसत नाही. तो ओठांना लावावा लागतो, फेकता येत नाही आणि धुऊन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो.

या प्रदेशात काच प्रथम आली ती पेल्याच्या रूपाने नव्हे, तर बाटलीच्या रूपाने. इंग्रजी अमलातील मध्य प्रांतात व निजामाच्या हैदराबादेत मद्य हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन झाले. मक्तेदारांची भट्टी व गुत्ता आला, घरच्या गाळपावर बंधने पडली आणि जे मद्य द्रोणाने वाटले जात होते, ते मापाने विकले जाऊ लागले. माप ठरविण्यास बाटलीइतके सोयीचे पात्र नाही. पारदर्शक असल्याने किती उरले हेही दिसते. समाजाच्या विधीचा भाग असलेले पेय विक्रीचा माल बनले, त्या स्थित्यंतराचे बाटली हे साधन होते. त्याचे परिणाम गंभीर झाले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली व तिच्यामागे लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे आंदोलन होते. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. ती उठविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये घेतला.

चहाचा पेला : काचेच्या पेल्याला व चिनी मातीच्या कपाला महाराष्ट्रात घराघरांत नेले ते चहाने. चहापानावरून उठलेले वादळ प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, लो. टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता स्पर्श केला. गोपाळराव जोशी यांनी ही हकीकत प्रसिद्धीस दिली आणि ग्रामण्याचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ते घ्यावी लागली. आक्षेप चहाच्या पानांना नव्हता; ख्रिस्ती माणसाच्या घरच्या पाण्याला व त्याच्या पेल्याला होता. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत मुंबई-पुण्यातील इराणी व हिंदू हॉटेलांत सर्व जातींचे लोक एकाच टेबलावर चहा पिऊ लागले. १९०३ च्या चहा-उपकर कायद्यानुसार जमा झालेल्या पैशातून चहाचा प्रचार झाला, त्याचीही मदत झाली. हॉटेलात ठरलेला पेला म्हणजे जाड भिंतीचा, उभ्या पैलूंचा, साच्यात दाबून काढलेला लहानसा ग्लास. दाबकाच करण्याचे यंत्र अमेरिकेत १८२० नंतरच्या दशकात निघाले होते. पैलूंमुळे पकड मिळते व आतील दोष झाकतात. जाड तळामुळे आत मावतो त्याहून चहा अधिक दिसतो, हा हॉटेलवाल्याचा वेगळा फायदा.

ही मोकळीक सर्वांना मिळाली नाही. खेड्यांतील हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्यांसाठी कप वेगळे ठेवीत. ते बाहेर वळचणीला किंवा कोनाड्यात असत, पिणाऱ्याने स्वतः धुऊन परत ठेवावयाचे, आणि चहा वरून ओतला जाई. ज्या वरून ओतण्याच्या रीतीमुळे सवर्ण घरातील तांब्या निर्दोष राहत होता, तीच रीत येथे अपमानाची झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साताऱ्यातील आपल्या शाळेविषयी लिहिताना शिपायाने नळ उघडल्याखेरीज आपणास पाणी मिळत नसे, असे सांगितले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाणी प्राशन केले ते ओंजळीने. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व धर्मशाळा यांत ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणे हा गुन्हा ठरविला. १९७६ मध्ये या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. कायद्याला भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यातच त्या भांड्याचे महत्त्व दिसून येते. काचेला रंध्रे नसतात व धुतल्यावर तीवर काही शिल्लक राहत नाही, हे भौतिक सत्य रूढीला पटण्यास फार काळ लागला. काही ठिकाणी ते कायद्यानंतरही पटले नाही.

उद्योग : विसाव्या शतकाच्या आरंभी हे पेले, चिमण्या व बाटल्या ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम व जपान येथून येत. स्वदेशीच्या चळवळीत हा माल देशात करण्याचे ठरले. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा गोळा करून उद्योगांना साहाय्य करण्याची योजना काढली व टिळकांनी तिला पाठबळ दिले. या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले तज्ञ. हा कारखाना नफ्यासाठी नव्हता. फुंकनळी चालविणारे कारागीर तयार करणे हा त्याचा हेतू होता व तेथे शिकलेली माणसे पुढे देशभरच्या कारखान्यांत गेली. पहिल्या महायुद्धामुळे ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद पडला. त्या संधीत १९१६ मध्ये कराडजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले बंधूंनी आपला काच कारखाना उभारला. ‘प्रभाकर’ कंदिलामुळे तो घरोघर माहीत झाला. काचसामानात त्याने बरण्या व पेलेही काढले. कारखाना आज चालू नाही, पण ओगलेवाडी हे गावाचे नाव त्यावरून पडलेले राहिले आहे.

या धंद्याची खरी अडचण कौशल्याची नव्हती, सोड्याची होती. जकात मंडळाने १९३०–३२ च्या सुमारास काचउद्योगाची चौकशी करून संरक्षण देण्याची शिफारस केली. सरकारने १९३५ मध्ये ती फेटाळली. सोडा ॲश परदेशातून आणावा लागतो, हे मुख्य कारण देण्यात आले. ज्या उद्योगाला मदत हवी त्याला कच्च्या मालाच्या अभावामुळेच ती नाकारावी, हा न्याय विचित्र म्हणावा लागेल. सोड्यावरील जकातीत सूट तेवढी मिळाली. मिठापूर येथे १९३९ मध्ये टाटांचा रसायन कारखाना स्थापन झाल्यानंतर ही उणीव हळूहळू भरून निघाली. या संदर्भात चंद्रपूर जिल्ह्याची स्थिती पाहण्यासारखी आहे. वरोड्याची कोळशाची खाण १८७१ मध्ये सुरू झाली. राजुरा, कोरपना व जिवती या भागांत चुनखडीचे मोठे साठे आहेत. म्हणजे इंधन व चुना जवळच. पण शुद्ध पांढरी वाळू व सोडा नसल्याने चुनखडी सिमेंटकडे गेली, आणि गडचांदूर परिसरात काचेच्या भट्टीऐवजी सिमेंटच्या भट्ट्या उभ्या राहिल्या.

कॉफी व वाइन : कॉफीने साधी काच फारशी स्वीकारली नाही. दक्षिणेत ती धातूच्या टंबलर-दवऱ्यात, महाराष्ट्रात जायफळ घालून कपबशीत, आणि १९३६ पासून मुंबईत व नंतर इतर शहरांत निघालेल्या इंडिया कॉफी हाउसमध्ये चिनी मातीच्या कपात दिली जाई. उकळते पेय ओतताच साध्या काचेची आतील बाजू प्रसरण पावते व बाहेरील मागे राहते. जाड पेला त्यामुळे तडकतो. (म्हणूनच हॉटेलातील पोऱ्या ग्लास आधी गरम पाण्यातून काढतो, किंवा त्यात चमचा ठेवून चहा ओततो.) जर्मनीत ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरोसिलिकेट काच तयार केली, तिचे प्रसरण साध्या काचेच्या सु. एकतृतीयांश असते. भारतात मुंबईच्या बोरोसिल कंपनीने १९६२ नंतर प्रयोगशाळांसाठी ती पुरविली व पुढे तिचे चहा-कॉफीचे पेले घरांत आले. वाइनच्या पेल्याला देठ असतो तो हाताची ऊब पेयाला लागू नये म्हणून. तोंड आत वळलेले असते ते सुगंध कोंडून राहावा म्हणून. पंधराव्या शतकात व्हेनिसजवळील मुरानो बेटावर निघालेली नितळ काच व १६७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी केलेली शिसेयुक्त काच यांमुळे हा आकार शक्य झाला. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर नाशिक परिसरात वाइननिर्मिती वाढली आणि हा पेला मराठी शहरांत दिसू लागला.

मराठीतील ‘ग्लास’ या शब्दाचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्रजीत तो पदार्थाचा वाचक. मराठीत तो आकाराचा वाचक झाला. ओठ लावून पिण्याच्या उभट भांड्याला ग्लास म्हणू लागले, मग ते पितळेचे असो वा स्टेनलेस स्टीलचे, आणि खऱ्या काचेच्या ग्लासाला ‘काचेचा ग्लास’ असे दुहेरी नाव घ्यावे लागले. स्टील न फुटणारे, राखेने घासता येणारे व लख्ख. काचेने आणलेला आकार धातूच्या जुन्या प्रतिष्ठेत बसवून त्याने काचेची जागा बऱ्याच अंशी घेतली. पाहुण्यांसाठी काचेचे व घरच्यांसाठी स्टीलचे, ही वाटणी पुष्कळ घरांत आढळते.

अरण्यप्रदेशात लग्ने, सभा व आठवडी बाजार यांत द्रोणाची जागा प्लॅस्टिकच्या व कागदी पेल्यांनी घेतली. हेही एकदा वापरून टाकावयाचे पात्र. फरक एवढाच, की पळसाचे पान मातीत मिसळते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदा वापरावयाच्या प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या कप-पेल्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या नियमांनुसार ती देशभर लागू झाली. पळसाचे द्रोण व पत्रावळी यंत्रावर दाबून करण्याचे व्यवसाय त्यानंतर अनेक ठिकाणी निघाले आहेत.